जिद्दीचे कौतुक झाले, आता पायाची रचनाही पाहा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कृत्रिम पाय लावून धावणाऱ्या मुलामुलींच्या बातम्या जिल्हा पानांवर अधूनमधून येत असतात आणि त्यांचा मथळा बहुधा ‘जिद्दीच्या जोरावर अपंगत्वावर मात’ असाच असतो. या बातम्या मी कापून शाळेच्या फलकावर लावतो, कारण आमच्या गावातल्या मुलांनी त्या वाचाव्यात असे मला मनापासून वाटते. मात्र गेली दोन वर्षे अशाच एका मुलाबरोबर रोज पहाटे मैदानावर उभे राहिल्यावर, या बातम्यांतून एक गोष्ट सतत सुटते आहे असे मला दिसू लागले. धावताना त्या मुलाला किती धाप लागते, दोन फेऱ्यांनंतर तो खाली बसतो की दहा फेऱ्या पूर्ण करतो, हे पुष्कळ अंशी त्याला बसवलेल्या पायाच्या रचनेवर ठरते. ते पाऊल कशाचे आहे, किती दबते, दबल्यावर किती उसळते, सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो तो पेला, किती नीट बसते, या साध्या वाटणाऱ्या बाबी त्याच्या छातीवरचा भार ठरवतात. ही गोष्ट वाचकांपुढे, आणि विशेषतः मोफत पायवाटप शिबिरे भरवणाऱ्या दात्यांपुढे यावी म्हणून हे पत्र, लांबले तरी, लिहीत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका खेड्यातल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. माझ्या या विद्यार्थ्याचा डावा पाय तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रात सापडला आणि गुडघ्याखाली वीतभर भाग ठेवून बाकीचा कापावा लागला. अपघातापूर्वी तो पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मोठ्या मुलांच्या मागे लागून सोळाशे मीटर पळत असे. विदर्भातल्या कोणत्याही गावात पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर गेलात तर अशी मुले घोळक्याने पळताना दिसतील. पाय गेल्यावर काही महिन्यांनी एका शिबिरात त्याला मोफत रबरी पाय मिळाला. सकाळी माप घेतले, संध्याकाळी पाय बसवला, फोटो निघाला आणि तो स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. त्या दिवशी त्याची आई दारातच बसून रडली होती. तो पाय देणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही आणि पुढे जे लिहितो आहे ते कुणाच्या उपकारांत खोट काढण्यासाठी लिहीत नाही.

काही महिन्यांनी तो मैदानावर आला आणि म्हणाला, ‘‘सर, मले पयाचं हाय.’’ आमच्या मुरमाच्या मैदानावर फक्कीने आखलेली दोनशे मीटरची फेरी आहे. पहिल्या फेरीतच त्याची अडचण आवाजावरून कळत होती. उजव्या बुटाचा हलका ‘टप’ आणि डाव्याचा जड ‘धप्प’, आणि त्या दोन आवाजांमधले अंतर प्रत्येक पावलागणिक वाढत गेलेले. दुसरी फेरी संपताच तो ध्वजाच्या ओट्यावर बसला, पँटचा पाय वर सारला आणि कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवला. उरलेल्या पायावरचा सुती मोजा त्याने पिळला तेव्हा घामाची धार मुरमावर पडली. गुडघ्याच्या वाटीखाली रुपयाएवढा लाल डाग उमटला होता, आणि सॉकेटमधला सैलपणा भरून काढण्यासाठी त्याने आईच्या जुन्या लुगड्याची घडी आत कोंबली होती. मी मानेवर बोट ठेवून त्याची नाडी मोजली. तेवढ्याच अंतरानंतर वर्गातल्या इतर मुलांची नाडी जिथे असते, त्याच्या ती कितीतरी पुढे होती आणि खाली यायला फार वेळ घेत होती. मी विचारले की दम छातीत लागतो की पायात. तो म्हणाला, ‘‘सर, हा पाय मले पुढं नाई ढकलत, मीच त्याले ढकलतो.’’ हे वाक्य ऐकल्यापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे आणि त्याने जे सांगितले तेच शास्त्रज्ञांनीही मोजलेले आहे.

चालणे आणि धावणे ही वेगाने वेगळी असलेली एकच क्रिया आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शरीर या दोन्ही क्रिया वेगवेगळ्या रीतीने करते. चालताना आपण ताठ पायावरून, उलट्या धरलेल्या लंबकासारखे, पलीकडे झुकतो आणि एक ना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना शरीर चेंडूसारखे उसळत पुढे जाते. प्रत्येक पावलाला काही क्षण दोन्ही पाय हवेत असतात आणि खाली येताना शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढे बल एकट्या पायावर पडते. हा आघात वाया जाऊ नये अशी सोय निसर्गाने केलेली आहे. टाचेमागची जाड कंडरा, जिला अकिलीस कंडरा म्हणतात, आणि तळपायाची कमान ही दोन्ही रबरासारखी ताणली जातात आणि पाय उचलताना ती ऊर्जा परत देतात. १९८७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी मांडलेल्या हिशेबानुसार, मध्यम वेगाने धावताना एका पावलात शरीर जी ऊर्जा गमावते आणि पुन्हा मिळवते, तिचा सुमारे ३५ टक्के भाग या कंडरेत आणि सुमारे १७ टक्के भाग कमानीत साठतो. म्हणजे निम्म्या कामासाठी स्नायूंना नव्याने इंधन जाळावे लागत नाही. त्याशिवाय पोटरीचा स्नायू स्वतःच्या ताकदीने टाच उचलून शरीर पुढे लोटतो, ते वेगळेच. गुडघ्याखाली पाय कापला गेला की पोटरी, कंडरा आणि कमान ही तिन्ही एकदमच जातात.

त्या जागी आपण काय बसवतो यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. टाचेला मऊ गादी आणि आत न वळणारा गाभा असलेले पाऊल घेतले, तर ती गादी आघात शोषते खरी, पण शोषलेल्या ऊर्जेपैकी फारच थोडी परत देते. बाकीची उष्णता होऊन निघून जाते. डांबरी रस्त्यावर पळणारा माणूस नांगरलेल्या वावरात पळू लागला की त्याचे काय होते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ढेकळांत पाय रुततो, पाय टाकताना लावलेली ताकद माती खाऊन टाकते आणि प्रत्येक पाऊल नव्याने उचलावे लागते. माझ्या विद्यार्थ्याचा उजवा पाय रस्त्यावर असतो आणि डावा कायम वावरात असतो. ही तूट कुणीतरी भरून काढायची असते, आणि ती भरून काढतात डाव्या बाजूचे कमरेचे व मांडीचे स्नायू आणि धडधाकट उजवा पाय. ज्या स्नायूंचे हे काम नव्हे त्यांच्याकडून ते करून घेतले, की ऑक्सिजन जास्त लागतो, नाडी चढते आणि धाप लागते. वर्षानुवर्षे असे चालले तर चांगल्या पायाचा गुडघा झिजण्याचा धोका असतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे.

याचा अर्थ शिबिरात मिळालेला पाय वाईट असा मुळीच नाही. तो पाय जयपूर फूट या प्रकारातला, आणि जयपूर फूटचा इतिहास प्रत्येक मराठी घरात सांगितला जावा असा आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर पंडित रामचंद्र शर्मा यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस रबर आणि लाकूड वापरून असे पाऊल घडवले, जे अनवाणी वापरता येते, ओल्या चिखलात खराब होत नाही आणि ज्याच्यावर उकिडवे बसता येते. पाश्चात्त्य पाऊल बुटात घालण्यासाठी आणि खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. या दोघांनी भारतीय माणसाच्या बसण्या-उठण्याचा विचार करून नवी रचना केली. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते पाऊल लाखो लोकांपर्यंत मोफत पोहोचवले आणि १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या गावातले एक वयस्कर शेतकरी वीस वर्षांपासून हाच पाय वापरतात. ते धुऱ्यावरून चालतात, कपाशीला पाणी देतात, लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसतात आणि त्यांची त्या पायाविषयी एकही तक्रार नाही. तोच पाय सोळा वर्षांच्या, धावू पाहणाऱ्या मुलाला मात्र दोन फेऱ्यांत थकवतो. ज्या गरजेचा विचार करून ती रचना झाली ती गरज चालण्याची, बसण्याची आणि शेतात राबण्याची होती, धावण्याची नव्हती.

रचना श्रम कसे वाढवते याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण म्हणून मी मुलांना कॅनडाच्या टेरी फॉक्सची गोष्ट सांगतो. १९७७ साली कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कर्करोग संशोधनासाठी निधी जमवण्याकरिता देश ओलांडून धावायला सुरुवात केली, रोज जवळपास एका मॅरेथॉनएवढे अंतर कापले आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर आजार फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. त्याच्या धावण्याची जुनी चित्रफीत पाहिली तर एक लंगडती लय दिसते. कृत्रिम पाय मागून पुढे येऊन पुन्हा भार घ्यायला तयार होईपर्यंत वेळ लागत असे, म्हणून तो तेवढ्या वेळात चांगल्या पायावर दोनदा उडी घेई. कृत्रिम पायाच्या प्रत्येक पावलासाठी चांगल्या पायाची दोन पावले, असा तो हिशेब होता. जगाने त्याच्या धैर्याला वंदन केले आणि ते योग्यच होते. पण ती दुसरी उडी त्याला त्या पायाच्या रचनेमुळे घ्यावी लागत होती, आणि पाच हजार किलोमीटर तो ती घेत राहिला, हे मला दर वेळी आठवते.

त्याच सुमारास अमेरिकेत व्हॅन फिलिप्स नावाच्या तरुणाने या प्रश्नाला हात घातला. १९७६ साली, एकविसाव्या वर्षी, पाण्यावरच्या स्कीइंगच्या अपघातात त्याचा पाय गुडघ्याखाली गेला. मिळालेल्या पायावर समाधान न मानता त्याने कृत्रिम अवयवांचेच शिक्षण घेतले आणि विमानांसाठी वापरला जाणारा कार्बन फायबर हा पदार्थ पायासाठी वापरला. पावलाचा आकार माणसाच्या पावलासारखा असलाच पाहिजे हा आग्रह त्याने सोडला आणि वाकून पुन्हा सरळ होणारी पट्टी बनवली. आज आपण ज्याला ब्लेड म्हणतो ते याच कल्पनेतून आले. धावण्याच्या ब्लेडला टाच नसते. भार पडला की ती दबते आणि साठवलेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग परत देते. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्लेड म्हणजे इंजिन नव्हे. ती फक्त घेतलेले परत करते, स्वतःची भर घालत नाही. पोटरीचा स्नायू जे जादा काम करतो ते ब्लेडला कधीच करता येत नाही. म्हणून ‘ब्लेड लावली की उडतच जातो’ असे जे बोलले जाते ते खरे नाही.

आता मुख्य मुद्दा. ब्लेड मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असेही होत नाही, कारण ब्लेडचीही रचना वेगवेगळी असते. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात दोन्ही पाय गुडघ्याखाली कापलेले पाच धावपटू होते आणि दुसऱ्यात एकच पाय कापलेले दहा. प्रत्येकाला तीन प्रकारच्या ब्लेड, त्यांचा ताठरपणा एक पायरी कमी-जास्त करून आणि उंची दोन-दोन सेंटिमीटरने बदलून, पंधरा वेळा धावायला लावले आणि श्वासावरून ऊर्जेचा खर्च मोजला. वेग ताशी ९ ते १०.८ किलोमीटरचा, म्हणजे आमची मुले सरावात पळतात तेवढाच. दोन्ही पाय कृत्रिम असलेल्यांत ब्लेड जितकी कमी ताठर तितका खर्च कमी, असे दिसले. उंचीने फरक पडला नाही. एक पाय कृत्रिम असलेल्यांत ताठरपणाच्या एका पायरीने फरक पडला नाही, पण ब्लेडचा प्रकार बदलताच खर्च साडेतीन ते सव्वाचार टक्क्यांच्या आसपास कमी झाला. चार टक्के म्हणजे फारसे नाही असे वाटेल, पण पाच किलोमीटर पळणाऱ्याला शेवटच्या किलोमीटरमध्ये तेच चार टक्के छातीत जाणवतात.

दुसऱ्या अभ्यासातला एक निष्कर्ष वाचून मी अस्वस्थ झालो. दोन्ही पायांची पावले दिसायला सारखी पडली म्हणून श्रम कमी होत नाहीत. दोन्ही पायांवर जमिनीकडून येणारे बल सारखे झाले की श्रम कमी होतात. मी मात्र कित्येक महिने त्या मुलाला ‘पावलं सारखी टाक, सारखी टाक’ म्हणून ओरडत होतो. तो बिचारा डावे पाऊल उजव्याएवढे लांब टाकण्यासाठी कंबर ओढून नेत होता आणि त्यात आणखी दमत होता. शिक्षकाने सांगितले ते त्याने केले. त्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली आहे आणि आता पावलांच्या दिसण्याकडे न पाहता त्यांचा आवाज ऐकतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नागपूरला एका कृत्रिम अवयव केंद्रात गेलो तेव्हा तिथल्या तंत्रज्ञांनी त्याला ब्लेडवर धावून पाहण्याची संधी दिली. पहिली ब्लेड एका जाडजूड गृहस्थांसाठी आलेली होती. माझा विद्यार्थी पंचेचाळीस किलोंचा. त्याच्या वजनाने ती दबेचना. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन तो परत आला आणि म्हणाला, ‘‘सर, हे त लोखंडावानी हाय.’’ मग त्यांनी कमी ताठर अशी दुसरी ब्लेड लावली, दोन स्क्रू फिरवून तिचा कोन थोडा बदलला आणि त्याला केंद्राबाहेरच्या गल्लीत सोडले. पहिल्या दहा-बारा पावलांत तो घाबरत होता. त्यानंतर ‘धप्प’ हा आवाज बंद झाला. दोन्ही पायांचा आवाज जवळजवळ सारखा येऊ लागला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो थांबला नाही, वळून तसाच परत आला आणि आल्याबरोबर माझ्याशी बोलू लागला. धाप लागलेला माणूस लगेच पूर्ण वाक्य बोलू शकत नाही. तो बोलत होता. संशोधकांनी ताठरपणा केवळ एका पायरीने बदलला होता. इथे दोन ब्लेडांमध्ये अनेक पायऱ्यांचे अंतर होते. म्हणून दान म्हणून आलेली कोणतीही ब्लेड कोणत्याही मुलाला लावणे हा उपाय होऊ शकत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वर्षात पाच किलोंनी वाढते आणि त्याबरोबर योग्य ताठरपणाही बदलतो.

वजनाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. पायाच्या टोकाला असलेले वजन कमरेला बांधलेल्या वजनापेक्षा कितीतरी महाग पडते, कारण ते प्रत्येक पावलाला मागून पुढे फेकावे लागते. धावपटूंच्या बुटांवर झालेल्या प्रयोगांत प्रत्येक बुटाचे वजन शंभर ग्रॅमने वाढले की ऑक्सिजनचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो, असे आढळले आहे. कृत्रिम पायावर वरून जड बूट चढवताना आणि त्यात ओल्या मातीचा लगदा चिकटलेला असताना हे ध्यानात घ्यावे.

पण आमच्या भागात सर्वांत दुर्लक्षित भाग कोणता असेल तर तो सॉकेट. उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो तो पेला सैल असेल, तर पाऊल कितीही उत्तम असले तरी उपयोग नाही. प्रत्येक पावलाला हाड त्या पेल्यात वर-खाली सरकते, ताकद जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच आत संपते आणि कातडी सोलली जाते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षात उरलेला पाय आक्रसत जातो, हे नैसर्गिक आहे. म्हणून पहिले सॉकेट काही महिन्यांत सैल होणारच असते आणि ते बदलावे लागते. दिवसभरातही त्याचा आकार थोडा कमी होतो आणि त्यासाठी जादा मोजे चढवावे लागतात. त्यात आमचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, प्लास्टिकच्या पेल्यात वारा शिरत नाही आणि घामाने पाय निसटू लागतो. शिबिरात पाय घेतलेल्या मुलाला हे कुणी सांगितलेले नसते; आपलाच पाय बिघडला असे समजून तो पाय माळ्यावर टाकतो आणि कुबड्या घेतो. असे माळ्यावरचे पाय मी तीन घरांत पाहिले आहेत.

परदेशांत या विषयावरची चर्चा उलट्या टोकाला गेली आहे. दोन्ही पायांना ब्लेड लावून धावणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियस या धावपटूवर ब्लेडमुळे त्याला गैरफायदा मिळतो म्हणून जानेवारी २००८ मध्ये बंदी आली आणि मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली. त्याच्या नंतरच्या गुन्ह्याशी या पत्राचा संबंध नाही. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत त्याच्या धावण्याचा ऊर्जाखर्च उत्तम दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंपेक्षा केवळ ३.८ टक्क्यांनी कमी आढळला. वेगाच्या बाबतीत त्याला फायदा होतो की नाही यावर त्याच संशोधकांत दोन तट पडले. मला त्या वादात पडायचे नाही. मी त्यातून एवढेच घेतो की नीट मापाची, नीट जुळवलेली रचना मिळाली, तर दोन्ही पाय नसलेल्या माणसाचेही धावण्याचे श्रम धडधाकट धावपटूच्या बरोबरीला येऊ शकतात. मग आमच्या मुलाने दोन फेऱ्यांत का थकावे?

ब्लेड महाग असते आणि गावातल्या प्रत्येक दिव्यांगाला ती द्या असे मी म्हणत नाही. जो शेतात राबतो त्याला ती उपयोगाचीही नाही. तिला टाच नसल्याने तिच्यावर स्थिर उभे राहणे अवघड आणि काळ्या चिखलात ती रुतेल. माझे मागणे वेगळे आहे. शिबिराच्या अर्जावर नाव, वय, उत्पन्न यांबरोबर ‘या पायाने आपल्याला काय करायचे आहे’ हा एक प्रश्न असावा. पाय दिल्यावर तीन महिन्यांनी आणि वर्षाने सॉकेट तपासण्याची तारीख त्याच दिवशी लिहून द्यावी. उद्घाटनाचा मंडप पुन्हा घालण्याची गरज नाही, एक तंत्रज्ञ आणि ग्रामीण रुग्णालयातली एक खोली पुरे. दिव्यांगांना सहायक साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून आहे आणि १९७२ साली स्थापन झालेले कानपूरचे एलिम्को हे सरकारी मंडळ कृत्रिम अवयव बनवते. त्या व्यवस्थेतून प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात वेगवेगळ्या ताठरपणाच्या चार-सहा ब्लेडांचा एक संच ठेवता येईल. वाचनालयातून पुस्तक न्यावे तशी मुलाने आपल्या वजनाची ब्लेड न्यावी, वजन वाढले की परत करून पुढची घ्यावी. सॉकेट त्याचे स्वतःचे, ब्लेड संकुलाची.

पैशांचे कारण आता पूर्वीइतके भक्कमही राहिलेले नाही. जुलै २०२५ मध्ये डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची हैदराबादची प्रयोगशाळा आणि बीबीनगरचे एम्स यांनी मिळून कार्बन फायबरचे देशी पाऊल सादर केले. ते १२५ किलोंपर्यंतच्या भाराला तपासलेले आहे आणि त्याचा उत्पादनखर्च वीस हजार रुपयांच्या आत राहील असे सांगण्यात आले आहे. त्याच्या तोडीचे आयात पाऊल सुमारे दोन लाखांना पडते. हे पाऊल रोजच्या वापराचे आहे, शर्यतीची ब्लेड नव्हे, हे मी जाणतो. पण जे हात हे घडवू शकतात ते धावण्याची पट्टीही घडवू शकतील. हैदराबाद आमच्या जिल्ह्याला मुंबईपेक्षा जवळ आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. पुढच्या वेळी आपले प्रतिनिधी अशा मुलाची बातमी करतील तेव्हा त्यांनी जिद्दीबरोबर एवढेही विचारावे की पाऊल कोणते आहे, सॉकेट शेवटचे कधी बदलले, आणि धावल्यावर दम किती वेळात खाली बसतो. या उत्तरांतून दात्यांना आणि अधिकाऱ्यांना पुढचे काम काय आहे ते कळेल.

माझ्या विद्यार्थ्याला ब्लेड अजून मिळालेली नाही. फेब्रुवारीत नागपूरच्या त्या तंत्रज्ञांनी त्याचे सॉकेट तेवढे नवीन करून दिले, पाऊल जुनेच रबरी ठेवले आणि त्याचा कोन थोडा बदलला. लुगड्याची घडी निघाली, लाल डाग गेला. तो आता दोनऐवजी सहा फेऱ्या मारतो. मुलगा तोच, पाऊल तेच, मैदान तेच. सहावी फेरी संपल्यावर तो अजूनही ओट्यावर बसतो आणि मोजा पिळतो, आणि मी नाडी मोजून वहीत लिहितो. आपल्या प्रतिनिधींना ती वही पाहायची असेल तर कोणत्याही दिवशी सकाळी साडेपाचला यावे. पावसामुळे मैदानात चिखल असला तर आम्ही बाहेरच्या डांबरी रस्त्यावर असतो.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ